बावन्न किलो उतरल्यावर उरलेल्या कातडीचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. वय ३६, गाव दिग्रस तालुक्यातलं, दोन मुलं, दोन्ही सिझर. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जठर लहान करण्याचं, म्हणजे स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आज ६६ आहे. शुगर आटोक्यात आली, गुडघे चालू लागले. पण पोटाची कातडी मांडीवर लोंबते, तिच्या घडीखाली मे महिन्यापासून पावसाळाभर चिघळतं, दंड आणि मांड्याही सैल झाल्यात. तालुक्याच्या शिबिरात कुणी तरी ‘लेझरनं आवळून देतो, चार सिटिंग’ असं सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, ‘काऊन पैसे घालवतं त्यात? लुगड्यात झाकलं की झालं.’ आणि तुम्ही विचारताय: पोट, दंड, मांड्या एकाच वेळी होतील का, खर्च किती, आणि नागपुरातला सगळ्यात चांगला सर्जन कोण?

मी नागपुरात प्लास्टिक सर्जन आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गावाकडचे बरेच असतात. नाव मात्र कुणाचंच सुचवणार नाही, माझंही नाही. खरं सांगायचं तर ‘सगळ्यात चांगला कोण’ या प्रश्नाच्या उत्तरानं तुमचं काम भागणार नाही. या ऑपरेशनचा अवघड भाग टेबलावर घडत नाही, तो नंतरच्या सहा आठवड्यांत घडतो. आणि ते सहा आठवडे तुम्ही नागपूरपासून दोनशे किलोमीटरवर असणार. त्या दिवसांत तुमची जखम कोण बघणार, हे ज्या सर्जननं तुम्हाला नीट सांगितलं, तो तुमच्यासाठी चांगला.

आधी लेझरचं संपवू. बरीच वर्षं ताणून राहिलेल्या कातडीतले तंतू तुटलेले असतात. तिची आटण्याची ताकद गेलेली असते. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं थोडी सैल कातडी थोडी आवळते. मांडीवर लोंबणारी घडी त्यानं जात नाही, चार सिटिंगमध्ये नाही आणि चाळीसमध्येही नाही. मलम, तेलाची मालीश, पट्टे यांचंही तेच. व्यायामानं आतला स्नायू बळकट होईल, तो करावाच, पण वरची जादा कातडी कमी होणार नाही. नुसतं लायपोसक्शन केलं तर चरबी निघते आणि कातडी आणखी रिकामी लोंबते. जादा कातडी कापूनच काढावी लागते, आणि कापली की व्रण राहतो. पोटाच्या बाबतीत हा व्रण एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत जातो. ‘डाग दिसणारच नाही’ असं सांगणाऱ्याकडून चहा पिऊन परत या.

आता पोट. यात तीन-चार वेगळी ऑपरेशनं आहेत आणि दर सांगताना त्यांची गल्लत केली जाते. फक्त लोंबणारी घडी कापून टाकणं, याला पॅनिक्युलेक्टमी म्हणतात. चिघळणं थांबवायला तेवढं पुरतं, पण बेंबीच्या वरचा भाग तसाच राहतो. टमी टक म्हणजे अॅब्डॉमिनोप्लास्टी. त्यात वरची कातडी सोडवून खाली ओढतात, बेंबी नव्या जागी बसवतात आणि बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात. वजन फार उतरलेल्या काहींची कातडी आडवी सैल असते तशी उभीही असते. त्यांना छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत आणखी एक उभा छेद लागतो. कंबर आणि पाठीमागूनही लोंबत असेल तर छेद पूर्ण कमरेभोवती फिरवावा लागतो. त्याला बॉडी लिफ्ट म्हणतात, आणि ते मोठं ऑपरेशन आहे, वेळ आणि रक्तस्राव दोन्ही जास्त.

तुम्हाला यातलं कोणतं लागेल हे फोटोवरून कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. उभं करून, आडवं झोपवून, खोकायला लावून पोट तपासावं लागतं. दोन सिझरनंतर आणि एवढं वजन वाहिल्यावर घडीमागे हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर आलेलं आतडं, लपलेला असू शकतो. शंका आली तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. हर्निया माहीत नसताना त्या जागी चाकू लावला तर आतड्याला इजा होण्याची भीती असते. पोटावर हात न ठेवताच ज्यानं दर सांगितला, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

एक गोष्ट ऐकून बरेच जण नाराज होतात. काढलेली कातडी वजन केली तर बहुधा दोन-चार किलोच भरते. काट्यावर विशेष फरक दिसत नाही. फरक पडतो तो चालण्या-बसण्यात, कपड्यांत आणि घडीखालच्या जखमांत.

सगळं एकदाच उरकायचा मोह मला कळतो. एकदाच भूल, एकदाच रजा, एकदाच नागपूरचा मुक्काम. तरी मी पोट, दंड आणि मांड्या एका दिवशी करत नाही. भुलेखालचा वेळ जितका लांबतो तितका पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. शिवाय दोन्ही दंड आणि दोन्ही मांड्या एकत्र बांधलेल्या असल्या तर उठणार कशाच्या आधारानं? संडासला कसं बसणार? घरी कमोड नसेल तर हा प्रश्न चेष्टेचा नाही. मी तुमच्या जागी असते तर आधी फक्त पोट केलं असतं, कारण त्रास तिथं आहे. दंड नंतर, किमान तीन महिन्यांनी, जमल्यास सहा. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत येतो आणि लपवायला कोपरापर्यंतची बाही लागते. त्यामुळे तो व्रण आपल्याला चालेल का, हे आरशासमोर उभं राहून ठरवा. मांड्या सगळ्यात शेवटी. जांघेत घाम, घासणं आणि लघवीची जागा जवळ, म्हणून तिथले टाके उसवण्याचं प्रमाण जास्त असतं. पोट झाल्यावर मांड्यांचं काही नको असं म्हणणाऱ्या बायाही मी पाहिल्यात.

कधी करायचं? स्लीव्ह किंवा जठराच्या बायपासनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबावं, आणि वजन तीन ते सहा महिने एका ठिकाणी टिकलेलं असावं. तुमची दोन वर्षं झालीत. पण वजन ६६ वर कधीपासून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. अजून उतरत असेल तर थांबा, नाही तर आवळलेली कातडी पुन्हा सैल पडेल. उंचीही सांगितली नाहीत. १५५ सेंटिमीटर धरली तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेसत्तावीसच्या आसपास येतो. ३० च्या खाली असला की जखमेचे त्रास कमी होतात, म्हणजे त्या बाजूनं तुमचं ठीक दिसतं. आणखी मूल हवं असेल तर मात्र हे ऑपरेशन बाळंतपणानंतरच करा.

आपल्या भागात हंगामाचाही विचार करावा लागतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधून राहायचं असतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, वीज गेलेली असताना तो पट्टा काय करतो हे पाहिलेलं असल्यानं तातडी नसेल तर मी एप्रिल ते जून ही ऑपरेशनं टाळते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते, हे मला माहीत आहे. पण त्या सहा आठवड्यांत कमरेला झोळी बांधून वाकणं नाही, पाण्याची घागर नाही, पोतं तर नाहीच. वेचणीला मजूर लावायचा खर्चही ऑपरेशनच्या खर्चात धरा. घरी हे आधीच बोलून घ्या. ऑपरेशन झाल्यावर ‘आता बरी दिसते की, चल वावरात’ असं होतं आणि टाके उसवतात.

तयारीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जखम भरणार की उसवणार याचा बराचसा निकाल इथंच लागतो. जठर लहान केलेल्यांचं खाणं कमी असतं आणि अंगात प्रथिनं, लोह, बी१२, ड जीवनसत्त्व कमी पडतं. बाहेरून माणूस छान बारीक दिसतो, आत हिमोग्लोबिन नऊ असतं. मी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी१२, थायरॉइड आणि तीन महिन्यांची शुगर पाहते. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर आधी ते भरून काढते, तारीख नंतर देते. प्रथिनं दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम लागतात. तुमच्या तालुक्यात सोयाबीनची पोती भरून बाजारात जातात आणि घरात कुणी सोयाबीन खात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. सोयावडी, अंडी, पनीर, चणे, दाट वरण, जे पचेल ते थोडं थोडं दिवसभर खा.

सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. पूर्व विदर्भात हा आजार जास्त, पण यवतमाळ-अमरावतीतही आहे. वाहक असलात तरी ऑपरेशन होऊ शकतं, फक्त भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक हवं. आजार असेल तर भूल, पाणी, प्राणवायू आणि अंगाची ऊब यांचं नियोजन वेगळं करावं लागतं, आणि ते मोठ्या रुग्णालयातच. आधीच्या ऑपरेशनच्या वेळी ही तपासणी झाली असेल तर रिपोर्ट शोधून ठेवा.

आणि तंबाखू. निकोटिननं कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि ओढून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून सडते. ‘मी कुठं सिगारेट ओढतो, मी तर खर्रा खातो’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), दात घासायची तंबाखू, गुडाखू, बिडी, सगळ्यांत निकोटिन तेच. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. बायका हे सांगायला लाजतात. सर्जनला सांगा, घरच्यांना बाहेर बसवून सांगा.

आता सर्जन. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर एमएस जनरल सर्जरी आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेला डॉक्टर, किंवा त्याच विषयातला डीएनबी अथवा डीआरएनबी. पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटिक सर्जन’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ असेल तर पदवी कशातली ते विचारा. वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचीही आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचीही. यात कुणाचा अपमान होत नाही. जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय आपण व्यवहार करत नाही, मग पोटाचा का करायचा?

पदवी हा उंबरठा झाला. प्लास्टिक सर्जरी फार पसरलेला विषय आहे. कुणी हाताच्या शिरा जोडण्यात तरबेज असतो, कुणी फाटलेल्या ओठांत, कुणी भाजलेल्यांत. म्हणून सरळ विचारा: खूप वजन उतरलेल्यांची पोटाची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? वर्ष झालेल्या पेशंटचे फोटो दाखवाल का? वर्ष म्हणते, कारण व्रण पिकून फिका व्हायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि महिन्याभराचा फोटो काहीच सांगत नाही. ज्यांचा व्रण रुंद झाला किंवा टाके उसवले अशा एखाद्याचाही फोटो मागा. जो दाखवतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल. ‘आमच्याकडे असं कधीच झालं नाही’ म्हणणाऱ्यानं एक तर फार थोडी ऑपरेशनं केलीत किंवा तो खरं सांगत नाही. या ऑपरेशनात कातडीखाली पाणी साचणं, कडेचे टाके थोडे उघडणं हे नेहमीचं आहे. चांगल्या हातातही होतं.

ऑपरेशन कुठं होणार तेही विचारा. आयसीयू आहे का, रक्तपेढी किती जवळ, भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री कोण असतं. रविवारी नागपूर-मुंबईहून येऊन तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून संध्याकाळी परत जाणारे सर्जन आहेत. छोट्या कामांना माझी हरकत नाही, गावाची सोय होते. पण या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री कातडीखाली रक्त साचलं तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, आणि तेव्हा सर्जन समृद्धी महामार्गावर असून चालत नाही.

सरकारी दवाखान्यांना कमी लेखू नका. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या मेडिकलमध्येच, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बालकृष्णन यांनी सुरू केला. तिथं भाजलेले, अपघातातले पेशंट आधी घेतात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे तुमची तारीख पुढे जाऊ शकते. पण चिघळणाऱ्या घडीचा त्रास खरा आहे. मेडिकलच्या किंवा एम्सच्या ओपीडीत एकदा दाखवून, विचारून यायला काय हरकत आहे? दुसरं मत म्हणूनही उपयोग होईल.

खर्चाचा नेमका आकडा मी देत नाही, कारण तो ऑपरेशनवर आणि दवाखान्यावर ठरतो. खाजगीत एका पोटाचेही लाखाच्या पुढेच धरा. लेखी अंदाज मागा आणि त्यात सर्जन, भूल, थिएटर, खोली, औषधं, पट्टा, ड्रेसिंग वेगळं लिहून घ्या. दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरलाय का ते विचारा. आणि टाके उसवले, दुसऱ्यांदा थिएटरमध्ये जावं लागलं तर पैसे कोण भरणार, तेही आधीच. ‘आज बुकिंग केलं तर एवढी सूट’ असं म्हटलं की उठा. विम्यात दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. मात्र आरोग्याला थेट धोका दूर करण्यासाठी ती गरजेची आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरनं प्रमाणित केलं तर अपवाद आहे. तो मिळवणं सोपं नाही. त्यासाठी चिघळल्याचे तारखेसह फोटो, त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या आणि औषधं करूनही परत होतंय याची नोंद लागेल. हर्निया निघाला तर त्याचा हिशोब वेगळा असतो. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत तो कुठे बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

नंतरच्या दिवसांचं आधीच ठरवा. पोटातून पाणी काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, आठवडाभर, कधी दोन आठवडे राहतात. नळ्या निघेपर्यंत नागपुरात किंवा यवतमाळसारख्या ठिकाणी नातेवाइकांकडे राहता आलं तर बघा. परतताना गाडी दर तासाला थांबवून उतरा, चार पावलं चाला. गावाजवळचा एखादा ओळखीचा डॉक्टर ड्रेसिंगला तयार आहे का, आणि सर्जन त्याच्याशी फोनवर बोलेल का, हे ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. अचानक दम लागला, छातीत दुखलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ताप, पोटाची एकच बाजू फुगणं, कातडी काळी पडणं किंवा घाण वासाचं पाणी येणं, यासाठी त्याच दिवशी सर्जनला फोन आणि फोटो.

सासूबाईंना माझ्या वतीनं एवढंच सांगा की झाकलेल्या घडीतच जास्त चिघळतं. पण ऑपरेशन करायचंच नाही असं तुम्ही ठरवलंत तरी ते चूक नाही. अंघोळीनंतर घडी उचलून पूर्ण कोरडी करणं, मध्ये धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवून ती दिवसातून दोन-तीनदा बदलणं, पोट उचलून धरणारा पट्टा, आणि त्वचेच्या डॉक्टरनं दिलेलं बुरशीचं औषध पूर्ण मुदतीत घेणं, एवढ्यावर काहींचं भागतं. हे आजपासूनच सुरू करा, कारण चिघळलेल्या कातडीवर कुणीच ऑपरेशन करणार नाही.

एक मात्र थांबवा. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली, तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब वापरत असाल तर. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी आणखी पसरते आणि घडीतली कातडी कागदासारखी पातळ होते. पहिल्या भेटीला जाताना स्लीव्हच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, गेल्या सहा महिन्यांची वजनं, चालू औषधांच्या पट्ट्या न्या, आणि ती ट्यूबही खोक्यासकट सोबत न्या.